काकडी-शिराळ्याच्या पानांवर पिवळे कोनदार डाग: दरवर्षी परत येणारा केवडा

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्या वेलाचं दुखणं हेच आहे की दुसरं काही, ते लगेच कळेल.

वेल काकडीचा, शिराळ्याचा, दुधीचा, पडवळाचा किंवा कारल्याचा आहे. पेरून महिना-सव्वा महिना झालाय, फुलं आलीत, एखादी काकडी बोटाएवढी झालीय. अशा वेळी बुंध्याजवळच्या जुन्या पानांवर, वरच्या बाजूला, आधी फिकट हिरवे आणि मग पिवळे डाग उमटतात. काकडीवर हे डाग गोल नसतात. पानाच्या शिरांनी कुंपण घातल्यासारखे ते कोनदार असतात, चौकडीच्या कापडासारखे. दुधीवर आणि भोपळ्यावर कोन तितके रेखीव दिसत नाहीत. तीन-चार दिवसांत डागाचा मधला भाग तपकिरी होतो, डाग एकमेकांत मिसळतात, कडा वर वळतात आणि आठवड्याभरात पान भाजल्यासारखं होऊन देठाला लोंबत राहतं. रोग खालून वर चढतो. शेंडा हिरवागार आणि कमरेखालचा वेल वाळलेला, असं चित्र दिसतं. फळावर डाग नसतो, पण पानांची सावली गेल्यामुळे फळ उन्हाने भाजतं, वाकडं वाढतं, त्याला चव राहत नाही.

आणखी एक लक्षण आहे, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. मागच्या वर्षीही साधारण याच दिवसांत हेच झालं होतं.

हा केवडा. द्राक्षवाले याच्याच भावंडाला डाउनी म्हणतात. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, सोसायटीच्या गच्चीवर चौदा वर्षं भाजी लावतेय. पहिली चार वर्षं गणपतीच्या तोंडावर माझे वेल गेले. ऋषीच्या भाजीत घरचं शिराळं पडावं एवढीच माझी हौस होती आणि दर वर्षी ते बाजारातून आणावं लागायचं. पाचव्या वर्षापासून जमायला लागलं. त्यानंतर कोलशेत, कळवा, ऐरोली, नेरूळ अशा ठिकाणच्या ओळखीच्यांच्या गच्च्या आणि बाल्कन्या पाहिल्या, आणि जवळजवळ सगळीकडे गोष्ट एकच निघाली. लोक डागांवर औषध मारतात, पण पान किती तास ओलं राहतं हे कुणी मोजत नाही.

तपासण्यांआधी दोन गोष्टी समजून घ्या. त्यांच्यावाचून पुढचं सगळं अंधारात तीर मारल्यासारखं होईल.

पहिली गोष्ट नावाची. आपल्याकडे भेंडीची पानं पिवळी पडून शिरा उठून दिसायला लागल्या की त्यालाही केवडाच म्हणतात. तो विषाणू आहे, पांढऱ्या माशीने पसरतो. काकडीच्या केवड्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. भेंडीच्या केवड्यावर कुणी सांगितलेला उपाय काकडीवर करून लोक हात पोळून घेतात. बाजरीवर ज्याला गोसावी म्हणतात तो मात्र याच घराण्यातला.

दुसरी गोष्ट, हा दिसायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नाही. शास्त्रज्ञ त्याला बुरशीपेक्षा पाण्यातल्या शेवाळाच्या अधिक जवळचा मानतात. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्ती कायटिनच्या असतात, याच्या सेल्युलोजच्या. काकडीवरच्या जातीचं शास्त्रीय नाव स्यूडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस. १८६८ साली क्युबातल्या नमुन्यांवरून तिचं पहिलं वर्णन झालं, म्हणून हे नाव. याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात फुटतात आणि आतून शेपट्या असलेले सूक्ष्म जीव बाहेर पडतात. ते पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत पानाच्या रंध्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. पाणीच नसेल तर पोहणार कशात? पुढच्या सगळ्या तपासण्यांचं मूळ इथे आहे.

सकाळी साडेसहाला पान उलटून बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. ऊन यायच्या आत बुंध्याजवळचं डाग पडलेलं पान हळूच उलटं करा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. वर जिथे पिवळा डाग आहे, बरोबर त्याच्या पाठीला जांभळट-करडी, मखमलीसारखी लव दिसेल. काजळाचं बोट हलकेच टेकवून उचलावं, तशी. बोट फिरवलंत तर बोटाच्या टोकाला राखेसारखा डाग लागतो. त्या डागात हजारो बीजाणू असतात, म्हणून दुसऱ्या वेलाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवा.

सकाळीच का, तर ही लव रात्रीच्या दमट हवेत उगवते आणि सकाळी पान सुकायला लागलं की बीजाणू सुटून वाऱ्यावर जातात. दुपारी बारा वाजता पाहिलंत तर नुसता तपकिरी डाग दिसेल आणि तुम्ही म्हणाल, काही नाही, खत कमी पडलं असेल. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी बघायचे आणि रोज एक चमचा खत वाढवायचे.

लव नसेल तर दुसऱ्या शक्यता बघा. पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखी पांढरी पूड असेल आणि ती बोटाने पुसली जात असेल तर ती भुरी. तिचे उपाय वेगळे. डाग कोनदार असून सुकल्यावर गळून पानाला भोकं पडत असतील तर जिवाणूचा करपा असण्याची शक्यता जास्त. पान चुरगळलेलं, गडद-फिकट हिरवं, शेंडा आखडलेला असेल तर विषाणू. तो वेल उपटायचा. बारीक सुईने टोचल्यासारखे ठिपके आणि खाली तलम जाळी दिसली तर लाल कोळी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा एकसारखी पिवळी असेल, तर मॅग्नेशियम कमी पडलंय.

तरी शंका असेल तर पिशवीची परीक्षा

संशयित पान देठासकट तोडा, ओल्या टिश्यू पेपरबरोबर झिप असलेल्या पारदर्शक पिशवीत घाला, थोडी हवा ठेवून पिशवी बंद करा आणि रात्रभर कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. सकाळी उघडून पाठ बघा. केवडा असेल तर रात्रीत लव आलेली दिसते. पान ताजं, अर्धवट पिवळं निवडा. पूर्ण तपकिरी झालेल्या भागावर काही उगवणार नाही, कारण हा जीव फक्त जिवंत पेशींवर जगतो.

या शेवटच्या वाक्याचा एक मोठा फायदा आहे. नेरूळच्या माझ्या मावशीने एका वर्षी सहा कुंड्यांची माती ‘रोगट’ म्हणून फेकून दिली. तीन मजले उतरवून, हमालाला पैसे देऊन. तेवढी माती पुन्हा तयार करायला तिला वर्ष लागलं. मेलेल्या पानांत, मातीत, कंपोस्टात हा फार काळ टिकत नाही. माती फेकू नका. बियाण्याला दोष देण्यातही सहसा अर्थ नसतो.

ओलाव्याचा हिशेब

ही तपासणी मी सगळ्यांत महत्त्वाची मानते. तीही फुकट आहे, फक्त तीन दिवस चिकाटी लागते.

संध्याकाळी सात, रात्री दहा, सकाळी सहा, सकाळी नऊ. या चार वेळांना वेलाच्या मधल्या उंचीचं एक पान कोरड्या टिश्यूने टिपा. कागद ओला झाला की वहीत ‘ओ’, कोरडा राहिला की ‘को’. सलग तीन दिवस. अनुकूल हवेत पान दोन तास जरी ओलं राहिलं तरी याला आत शिरायला पुरतं. पंधरा ते वीस अंश तापमान याला सर्वांत मानवतं, पण आपल्या जुलै-ऑगस्टच्या पंचवीस अंशांच्या रात्रीही चालतात. लागण झाल्यावर डाग दिसायला चार ते बारा दिवस लागतात. म्हणजे आज दिसणारा डाग गेल्या आठवड्यातल्या ओल्या रात्रीचा असतो. लोक मात्र कालच्या पावसाला किंवा आजच्या खताला बोल लावतात.

वहीत चारपैकी तीन ‘ओ’ आले तर पाणी कुठून येतंय ते शोधा. पाऊस आपल्या हातात नाही, हे खरं. पण मी पाहिलेल्या बाल्कन्यांमध्ये निम्म्याहून जास्त ओल पावसाची नव्हतीच.

कोलशेतला बाराव्या मजल्यावर एका जोडप्याची बाल्कनी होती. पूर्वेचं ऊन, वारा चांगला, कुंड्या मोठ्या, तरी तिसऱ्या वर्षीही केवडा. सकाळी सहाला गेले तेव्हा बाकी सगळी पानं कोरडी आणि डाव्या कोपऱ्यातला वेल चिंब. वर बघितलं तर तेराव्या मजल्याच्या एसीची नळी मोकळी सोडलेली. रात्रभर थेंब थेंब ग्रिलच्या पट्टीवर पडून त्याचे तुषार वेलावर उडत होते. वरच्या काकांना सांगितलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाइपाचा तुकडा लावून पाणी ड्रेनेजच्या लाइनीत सोडलं. त्या वर्षीचा वेल गेलाच होता, पण पुढच्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात त्यांनी सतरा काकड्या काढल्या. वहिनींनी मला फोटो पाठवला होता, पिवळी होत आलेली एक मोठी काकडी धोंडसासाठी, म्हणजे काकडीच्या गोड केकसाठी, बाजूला ठेवलेली.

दुसरं कारण संध्याकाळची अंघोळ. घरी आलं की पाइप घेऊन झाडांवर पाणी मारायचं, त्यांना ‘गार वाटतं’. मावशीचं हेच होतं. रात्री आठला भिजलेलं पान सकाळी नऊपर्यंत सुकत नाही. पाणी सकाळी घाला आणि मुळाशी घाला, पानावर थेंब उडणार नाही असं. ठिबकची बारीक नळी किंवा बुडाला भोकं पाडलेली बाटली कुंडीत उलटी खोचली तरी काम होतं.

तिसरं कारण खास आपलं. जूनमध्ये पाऊस आत येऊ नये म्हणून बाल्कनीला निळी ताडपत्री बांधतात. पाऊस अडतो, पण आतली वाफही अडते. कपडे त्याच बाल्कनीत वाळत असतात. त्या कोंडलेल्या दमट हवेत रात्री पानांवर पाणी धरतं आणि सकाळी ऊन-वारा न लागल्याने तसंच राहतं. ताडपत्री लावायचीच असेल तर वरून दोन-अडीच फूट बाहेर झुकवून छपरासारखी लावा आणि खालची बाजू मोकळी सोडा. वेलावर पाऊस थेट पडला नाही आणि हवाही खेळती राहिली, तर ते सगळ्या औषधांपेक्षा चांगलं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर लोक निर्धास्त होतात आणि तेव्हाच दुसरी लाट येते, दवाची. येऊरच्या बाजूच्या आणि खाडीलगतच्या इमारतींत मला ती जास्त जाणवली आहे. त्या दिवसांत हिशेब पुन्हा एकदा करा.

हवा खेळती आहे का?

वेलाची जमिनीपासून दीड वितीपर्यंतची पानं फुलं लागल्यावर काढून टाका. ती जुनी असतात, सावलीत असतात आणि पहिली लागण तिथेच होते. एका मोठ्या कुंडीत एकच वेल. शेजारी शेजारी चार वेल लावून चौघांचीही पानं एकमेकांवर चढली की आतलं पान दिवसभर सुकत नाही. कबुतराची जाळी अडचण करत नाही. हिरवी शेडनेट दुहेरी लावली असेल तर मात्र पावसाळ्यापुरती काढा.

डागाळलेली पानं दुपारी, वेल कोरडा असताना काढा. ओल्या वेलात हात घातलात तर तुम्हीच बीजाणू वाटत फिराल. पान तोडल्या तोडल्या पिशवीत घालून तोंड बांधा, दोन दिवस उन्हात ठेवा, मग ओल्या कचऱ्यात द्या. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पानं काढू नका, वेल उपाशी मरेल.

शेजारी वेल कुठे आहे?

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, कंपाउंडच्या भिंतीवर, बंद पडलेल्या फ्लॅटच्या ग्रिलवर भोपळ्याच्या कुळातला एखादा बेवारस वेल असतोच. त्यावरची लव रोज सकाळी तुमच्याकडे येते. तो कुणाचा आहे ते विचारा, आणि कुणाचाच नसेल तर सोसायटीला सांगून काढा. मी दोन हंगामांमध्ये निदान महिनाभर गच्चीवर या कुळातलं काहीच ठेवत नाही. खायला जिवंत पान मिळालं नाही की हा जीव तिथल्या तिथे संपतो. बाहेरून वाऱ्याने येईल, पण उशिरा येईल, आणि तेवढ्या वेळात माझी पहिली तोडणी होते.

वारा याला किती लांब नेतो, याचं सगळ्यांत जबरदस्त उदाहरण तंबाखूचं आहे. तंबाखूच्या केवड्याला जगभर निळी बुरशी म्हणतात, कारण पानाच्या पाठीवरची लव निळसर करडी असते. जीव वेगळा, पेरोनोस्पोरा तबासिना, पण घराणं एकच. मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. १९५८ साली तो इंग्लंडमध्ये दिसला, पुढच्या वर्षी हॉलंड-जर्मनीत, आणि नंतरच्या काही वर्षांत युरोपभर पसरून उत्तर आफ्रिकेपर्यंत गेला. १९७९-८० च्या हंगामात क्युबाचं तंबाखूचं बहुतेक पीक त्याने घालवलं. देशच्या देश ओलांडणाऱ्या या घराण्याला तुमच्या सोसायटीचं कंपाउंड काय अडवणार? म्हणूनच ‘रोग आलाच कसा’ यावर डोकं खपवू नका. तो येणार. आल्यावर त्याला ओलं पान मिळतं का, एवढंच आपल्या हातात आहे.

याच संदर्भात एक प्रश्न मला हमखास येतो: काकडीवरून मिरची-टोमॅटोला लागेल का? नाही. काकडीचा केवडा भोपळ्याच्या कुळाबाहेर जात नाही. तंबाखूवाला त्याच्या कुळात राहतो. क्वचित मिरची, टोमॅटो, वांग्याच्या रोपांवर आणि पिटुनियावर त्याची नोंद आहे. तुमच्या काकडीशेजारच्या टोमॅटोवर डाग असतील तर ते दुसऱ्या कशाचे तरी आहेत. त्यांची तपासणी वेगळी करा.

खताचं

नत्र जास्त झालं की पानं मोठी, लुसलुशीत आणि दाट येतात, आणि दाट पानं सुकत नाहीत. डाग दिसल्यावर युरिया किंवा शेणखताचं पाणी वाढवू नका. एवढंच.

पंपात काय आहे?

इथवर पैसे जवळजवळ लागले नाहीत. आता औषधाकडे येऊ, आणि आधी काय मारू नये ते सांगते, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथे वाया जातात.

दुकानात जाऊन ‘बुरशीचं औषध द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम हातात पडतं. खऱ्या बुरशीवर ते चालतं. केवड्यावर त्याचा उपयोग नाही, कारण हा त्या अर्थाने बुरशीच नाही. मला एका दुकानदाराने सलग दोन वर्षं तेच दिलं आणि मी इमानेइतबारे दर आठ दिवसांनी मारलं. गंधक भुरीवर चालतं, यावर नाही. ताक, दूध, खाण्याचा सोडा, हेही भुरीचे उपाय.

आणि तंबाखूचं पाणी. गच्चीवर भाजी लावणाऱ्या अनेक घरांत मळायची तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी फवारतात. त्यातलं निकोटिन मावा मारतं, पण केवड्याला त्याने काही होत नाही. उलट दोन धोके आहेत. निकोटिन हे माणसालाही विष आहे, आणि काकडी आपण सालासकट कच्ची खातो. दुसरं, तंबाखूत मोझॅकचा विषाणू वाळल्यावरही तग धरून असतो आणि तो हातावरून, पाण्यावरून टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. तुमच्याकडे येणारा माळी तंबाखू खात असेल तर झाडांना हात लावण्याआधी त्याला साबण द्या. त्याला वाईट वाटू नये म्हणून कारणही सांगा. मी सांगते, आणि सगळ्यांनी समजून घेतलंय.

तांबं

केवड्याच्या घराण्यावर चालणारं सगळ्यांत जुनं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून द्राक्षाचा डाउनी फ्रान्समध्ये शिरला. बोर्डोजवळच्या बागांत रस्त्याकडेच्या वेलींवर, लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडायची पद्धत होती. तेवढ्याच वेली हिरव्या राहिलेल्या मिलार्दे या प्राध्यापकाने पाहिल्या आणि १८८५ साली त्याने कृती प्रसिद्ध केली.

शेतात एक टक्क्याचं मिश्रण करतात, शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. काकडीचं कोवळं पान तांब्याने भाजतं, म्हणून मी घरी निम्मं करते: लिटरभर पाण्याला पाच ग्रॅम मोरचूद, पाच ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या पाण्यात विरघळवायचे, मग एकत्र ओतून ढवळायचे. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, थोडी निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड मिळते, लिटरला अडीच ग्रॅम. मॅन्कोझेबही साधारण त्याच प्रमाणात वापरतात. पुड्यावर दिलेलं प्रमाण आणि पीक मात्र वाचाच.

फवारा पानाच्या पाठीवर बसला पाहिजे. जीव तिथून आत शिरतो, आणि वरून मारलेलं औषध पहिल्या सरीत धुऊन जातं. आणि हे नीट ध्यानात घ्या: तांबं आणि मॅन्कोझेब कोरी पानं राखतात, पोखरलेलं पान बरं करत नाहीत. निम्मा वेल पिवळा झाल्यावर मारून उपयोग नाही. माझ्या गच्चीवर पहिला फवारा फुलं दिसायच्या आधी, उघडीप असलेल्या सकाळी होतो. मोरचूद विषारी आहे. हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि मुलं-मांजरं घरात.

जालीम औषधं, आणि मी कुठे थांबते

पानाच्या आत शिरणारी, अंतरप्रवाही औषधं आहेत; मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं त्यातलं सर्वांत ओळखीचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी मेटॅलॅक्सिल आलं तेव्हा केवड्याचा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. १९८० च्या सुमारास इस्रायलमध्ये काकडीच्या केवड्याने त्याला दाद देणं बंद केलं. तंबाखूच्या निळ्या बुरशीतही पुढे तशाच न जुमानणाऱ्या जाती निघाल्या. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की असंच होतं.

घरच्या वेलावर फळ धरल्यानंतर मी ही औषधं मारत नाही आणि कुणाला सांगत नाही. फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही हे लेबलावर लिहिलेलं असतं, आणि काकडी एक दिवसाआड तोडावी लागते. मग ते दिवस पाळणार कसे? न पाळता ती काकडी नातवंडाच्या हातात द्यायची, हे मला पटत नाही.

त्याऐवजी वेलाचं वय बघा. काकडी पेरल्यापासून सव्वा ते दीड महिन्यात फळावर येते आणि अडीच महिन्यांत दमते. वेल दोन महिन्यांचा झालाय आणि निम्म्याहून जास्त पानं गेलीत, तर उपटा. मनाला लागतं, मला अजूनही लागतं, पण तो वेल आता फक्त बीजाणू तयार करतोय. वेल महिन्याचा आहे आणि डाग तीन-चार पानांवर आहेत, तर पानं काढा, ओल तोडा, तांबं मारा. बहुतेक वेळा निभावतं.

खालीलपैकी काही असेल तर स्वतः प्रयोग करू नका:

वेल ग्रिलच्या बाहेर किंवा कठड्यापलीकडे गेला असेल तर वाकून फवारू नका. सुरक्षा पट्टा लावून काम करणारा माणूस बोलवा, नाहीतर वेल आतून कापा.

घरात गरोदर बाई, दम्याचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल आणि बाल्कनी खोलीला लागून असेल तर कोणतंही रासायनिक औषध नको. फवारताना कुणाला मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग झाली तर औषधाचा पुडा बरोबर घेऊन तडक डॉक्टरकडे जा. लेबल बघून त्यांना उपचार ठरवता येतात.

तुम्ही विक्रीसाठी लावत असाल, मुरबाड-शहापूर-भिवंडीकडे पाच-दहा गुंठे काकडी असेल, तर हा लेख तुमच्यासाठी पुरेसा नाही. दोन दिवसांच्या उशिरात प्लॉट जातो. डागाळलेलं पान पिशवीत घालून तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) जा. पालघरच्या बाजूला असाल तर कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात. फोन करताना पेरणीची तारीख, आतापर्यंत मारलेली औषधं आणि सकाळी काढलेला पानाच्या पाठीचा फोटो हाताशी ठेवा.

आणि पिशवीच्या परीक्षेतही लव आली नाही, तरी पानं मरत चालली आहेत, असं असेल तर औषध बदलत बसू नका. तो केवडा नाही. असं पान आधी जाणकाराला दाखवा, मगच पैसे खर्च करा.